जुन्या ८०८५ कार्डाच्या रॅमला बीगलबोन जोडताना

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या चाचणी विभागात तापमान नोंदवणारे एक जुने यंत्र आहे. पूर्ण भाराइतके लॉस देऊन ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास चालवायचा आणि त्याचे तेल व गुंडाळी किती तापते ते पाहायचे, अशी जी चाचणी असते आणि जिला शॉपफ्लोअरवर सगळे हीट रन म्हणतात, तिच्यासाठी हे यंत्र वापरले जाते. त्यात दोन कार्डे होती. पहिले ८०८५ या जुन्या आठ बिटांच्या प्रोसेसरचे. ते थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, वाचते, आकडे सुधारते आणि एका सामाईक रॅममध्ये लिहून ठेवते. दुसरे कार्ड त्या रॅममधून आकडे उचलून पडद्यावर दाखवत असे आणि प्रिंटरला देत असे. हे दुसरे कार्ड कायमचे गेले. पहिले मात्र ठणठणीत आहे. कारखान्याच्या मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांचे म्हणणे सरळ होते : "नवं यंत्र घ्यायचं म्हणजे कॅलिब्रेशनपासून सगळं पुन्हा करा. तुम्ही फक्त आकडे कॉम्प्युटरवर आणून द्या, बाकीचं आहे तसं राहू द्या."

म्हणजे गेलेल्या कार्डाच्या जागी एक छोटा सिंगल-बोर्ड संगणक बसवायचा आणि त्याने ती रॅम वाचायची. ही रॅम आयडीटी ७१३० आहे. तिच्यात १०२४ बाइट मावतात आणि तिला दोन पूर्ण बाजू असतात (म्हणून तिला ड्युअल-पोर्ट रॅम म्हणतात), म्हणजे पत्त्याच्या, डेटाच्या आणि नियंत्रणाच्या रेषांचे दोन स्वतंत्र संच. डाव्या बाजूला ८०८५ आणि उजवी बाजू मोकळी, अशी स्थिती होती. उजव्या बाजूच्या सगळ्या रेषा ३४ पिनांच्या एफआरसी (चपट्या केबलच्या) कनेक्टरवर आणलेल्या होत्या : पत्त्याच्या दहा, डेटाच्या आठ, चिप सिलेक्ट (खाली ओढली की चिप जागी होते), ओई (चिपला डेटा बाहेर सोडायला सांगणारी), आर/डब्ल्यू (वाचन की लेखन ते सांगणारी), इंटरप्ट (लक्ष वेधणारी), बिझी (थांबायला सांगणारी) आणि उरलेल्या ग्राउंड. ज्याने हा कनेक्टर आखला त्याने ग्राउंडला हात आखडता घेतला नव्हता, हे पाहून बरे वाटले.

सर्वप्रथम डोक्यात येतो तो उपाय म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रामने वर-खाली करता येणाऱ्या, पिना थेट रॅमला लावाव्यात आणि प्रोग्रामनेच पत्ता ठेवावा, चिप सिलेक्ट खाली ओढावी, डेटा वाचावा आणि चिप सिलेक्ट पुन्हा वर सोडावी. साध्या रॅमसाठी यात वावगे काहीच नाही. असिंक्रोनस रॅमला घड्याळ नसते. पत्ता स्थिर झाल्यापासून ठरावीक वेळाने डेटा बाहेर येतो आणि तुम्ही तो कितीही उशिरा उचललात तरी रॅमचे काही बिघडत नाही. लिनक्सने मध्येच तुमचा प्रोग्राम बाजूला ठेवून दुसरेच काम हाती घेतले, तरी ती रॅम डेटा धरून उभी राहते. त्यामुळे "लिनक्सवर बिट-बँगिंग (प्रोग्रामनेच पिना हलवून सिग्नल बनवणे) करू नये" हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. संथपणा हा बहुतेक ठिकाणी दोष नसतोच.

७१३० च्या बाबतीत मात्र तो दोष ठरतो, आणि याचे कारण डेटाशीटमधल्या लवादाच्या भागात आहे. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एकाच पत्त्याची मागणी केली तर जी बाजू आधी पोचली तिला रॅम मिळते आणि दुसऱ्या बाजूची बिझी रेषा खाली जाते. बिझी खाली असेपर्यंत त्या बाजूने केलेले लेखन रॅम आतल्या आत नाकारते. ती बाजू बिझीकडे पाहते आहे की नाही याच्याशी रॅमला देणेघेणे नसते. या ८०८५ कार्डावर डावी बिझी रेषा फक्त पुल-अपला (रेषा वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरला) बांधलेली आहे, प्रोसेसरला थांबवणाऱ्या रेडी पिनपर्यंत ती नेलेलीच नाही. म्हणजे आपण एखादा पत्ता वाचत असताना ८०८५ तिथेच लिहायला आला, तर तो थांबणार नाही. त्याची लेखनाची वेळ संपली की तो पुढे निघून जाईल.

आता आकडे पाहा. कार्डावर ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आहे, म्हणजे प्रोसेसर ३.०७२ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि त्याचा लेखनाचा पल्स सुमारे ४०० नॅनोसेकंद टिकतो. आपले वाचन दीडशे नॅनोसेकंदांत आटोपले तर ८०८५ ला उरलेल्या अडीचशे नॅनोसेकंदांत लिहायला भरपूर सवड मिळते, कारण कार्डावरचा ७१३० हा ५५ नॅनोसेकंदांच्या श्रेणीचा आहे. पण आपली चिप सिलेक्ट खाली असतानाच लिनक्सने आपला प्रोग्राम काही मिलिसेकंद बाजूला ठेवला, तर त्या पत्त्यावरचे ८०८५ चे लेखन बेमालूम गळून पडेल, आणि हीट रनच्या तक्त्यात एखाद्या थर्मोकपलचा मागचाच आकडा नवा म्हणून छापला जाईल. वाचणारा निरुपद्रवी असतो ही समजूत ड्युअल-पोर्ट रॅमजवळ चालत नाही. इथे सगळी मदार वेगापेक्षा एका गोष्टीवर आहे : सुरू झालेली सायकल ठरल्या वेळात पुरी झालीच पाहिजे. ही हमी प्रोग्राम देऊ शकत नाही; ती हार्डवेअरनेच द्यावी लागते.

असे हार्डवेअर काही बोर्डांच्या चिपमध्ये आधीपासून असते. रास्पबेरी पायच्या पहिल्या पिढीपासून चौथ्या पिढीपर्यंतच्या चिपमध्ये सेकंडरी मेमरी इंटरफेस नावाचा भाग आहे. त्यात सेटअप, स्ट्रोब आणि होल्ड यांच्या वेळा ठरवून देता येतात आणि जीपीआयओच्याच पिनांवर अठरा बिटांपर्यंत डेटा जातो. चिपच्या जाहीर कागदपत्रांत त्याचे प्रकरण नाही. जी माहिती मिळते ती लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरवरून. शिवाय त्याच्या पत्त्याच्या रेषा सहाच, म्हणजे चौसष्ट जागा. मला दहा हव्या होत्या. रास्पबेरी पाय ५ मध्ये पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि हा इंटरफेस तिथे उरला नाही. छोटा पडदा किंवा एखादा समांतर एडीसी (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) जोडायचा असेल तर जुन्या पायवर हा भाग अजूनही कामाचा आहे, पण माझ्या कामासाठी तो अपुरा होता.

म्हणून मी बीगलबोन ब्लॅक निवडला. २०१३ साली आलेला हा बोर्ड आज वेगाच्या स्पर्धेत कुठेच नाही, पण त्याच्या एएम३३५८ चिपमध्ये जीपीएमसी, म्हणजे जनरल पर्पज मेमरी कंट्रोलर, आहे आणि तो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संदर्भ पुस्तिकेत रजिस्टर-रजिस्टर करून समजावलेला आहे. फ्लॅश मेमरी जोडण्यासाठी बनवलेला हा कंट्रोलर सात चिप सिलेक्ट हाताळतो, आणि प्रत्येक सिलेक्टसाठी सात रजिस्टरांत त्या साधनाचे सगळे वेळापत्रक लिहिता येते. एकदा ते लिहिले की प्रोसेसरने ठरावीक पत्ता वाचण्याचा अवकाश, बसवरची सगळी सायकल कंट्रोलर आपोआप पार पाडतो, आणि ती सुरू झाल्यावर लिनक्सलाही मध्ये हात घालता येत नाही.

पिनांचा हिशेब मात्र आधी करावा लागतो. जीपीएमसीच्या सोळा एडी (पत्ता आणि डेटा दोन्ही वाहणाऱ्या) रेषा पी८ या कनेक्टरवर येतात, पण त्यांपैकी खालच्या आठ रेषा बोर्डावरच्या ईएमएमसी मेमरीच्या डेटा रेषाही आहेत. चिप सिलेक्ट १ आणि २ सुद्धा ईएमएमसीच वापरते. तेव्हा ईएमएमसी बंद करून मायक्रोएसडी कार्डावरून बोर्ड सुरू करणे भाग आहे. चिप सिलेक्ट ० मोकळी असते आणि पी८ च्या २६ क्रमांकाच्या पिनवर मिळते. मी तीच घेतली. पत्ता आणि डेटा वेगवेगळ्या रेषांवर हवे असतील तर पत्त्याच्या जादा रेषा पी८ च्या शेवटच्या भागातून घ्याव्या लागतात, आणि त्या एचडीएमआयच्या मालकीच्या आहेत. तेवढेच असते तर पडदा सोडून दिला असता. पण त्याच पिनांवरची पातळी वाचून चिप सुरू होताना कुठून बूट व्हायचे ते ठरवते. वीज येतानाच बाहेरच्या सर्किटने तिथे एखादी रेषा वर-खाली ओढली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि दोष शोधणारा माणूस एसडी कार्डे बदलत बसतो. या भानगडीत न पडता मी पत्ता आणि डेटा एकाच सोळा रेषांवरून पाळीपाळीने नेण्याची रीत पत्करली.

ज्यांनी कॉलेजात ८०८५ चे ट्रेनर किट हाताळले आहे त्यांना ही रीत नवी नाही. १९७६ च्या त्या प्रोसेसरमध्येही पत्त्याचा खालचा बाइट आणि डेटा एकाच आठ पिनांवर येतात. एएलई (पत्ता आला आहे असे सांगणारा सिग्नल) उंच असताना पत्ता ७४३७३ लॅचमध्ये, म्हणजे आलेली पातळी टिकवणाऱ्या चिपमध्ये, धरून ठेवायचा आणि मग त्याच पिनांवर डेटा वाहू द्यायचा. बडोद्याच्या कलाभवनाच्या, म्हणजे तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, प्रयोगशाळेत बसून हे ज्यांनी वहीत काढले त्यांनी तीच आकृती ३.३ व्होल्टवर आणि काही पट वेगाने पुन्हा काढावी, एवढेच. गंमत अशी की या कामात केबलच्या दोन्ही टोकांना एकाच जातीचे वेळापत्रक चालते आणि मधल्या रॅमला त्याचा पत्ताही नसतो.

माझ्या कार्डावर ७४एलव्हीसी५७३ चे दोन लॅच आहेत. जीपीएमसीचा एडीव्ही सिग्नल खाली असताना पत्ता वैध असतो, आणि ५७३ ला मात्र उघडण्यासाठी वरची पातळी लागते, म्हणून मध्ये एक इन्व्हर्टर. हे लॅच मी केबलच्या बीगलबोनच्या टोकाला ठेवले. एडीव्हीचा पल्स जेमतेम २० नॅनोसेकंदांचा असतो. तो एफआरसी केबलमधून पाठवला तर त्याच्या कडेला उठणाऱ्या लहरींमुळे लॅच चुकून दुसऱ्यांदा उघडण्याचा धोका राहतो. आताच्या मांडणीत केबलमधून आधीच धरलेले, स्थिर पत्तेच जातात. सायकल लांबवली म्हणजे लहरी आपोआप कमी होतील असे पुष्कळांना वाटते, पण लहरी उठतात त्या सिग्नलच्या कडेच्या तीव्रतेमुळे, आणि ती चिपच्या जातीवर ठरते. केबल वीतभर लांबीची ठेवणे आणि प्रत्येक रेषेत ३३ ओहमचा रेझिस्टर घालणे, हे उपाय जास्त खरे आहेत.

व्होल्टेजचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. ७१३० पाच व्होल्टवर चालतो, पण त्याचे इनपुट टीटीएल पातळीचे आहेत आणि २.२ व्होल्टच्या वर गेलेला सिग्नल ते 'एक' मानतात, तेव्हा ३.३ व्होल्टचा सिग्नल त्यांना थेट चालतो. उलट दिशेने मात्र जपायला हवे, कारण बीगलबोनच्या पिना ३.३ व्होल्टपलीकडे काहीही सहन करत नाहीत. डेटाच्या आठ रेषांवर ७४एलव्हीसी२४५ हा बफर बसवला की काम भागते. त्याची वीज ३.३ व्होल्टची आणि इनपुट पाच व्होल्ट सोसणारे. इंटरप्ट आणि बिझी या दोन रेषा ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढणाऱ्या, वर न ढकलणाऱ्या) असल्यामुळे त्यांना फक्त ३.३ व्होल्टकडे पुल-अप दिला, मध्ये चिप लागली नाही.

त्यापेक्षा नाजूक बाब आहे ती वीज नसतानाची. यंत्र सकाळी सुरू होते आणि बीगलबोनचा अ‍ॅडाप्टर कुणी तरी दुपारी लावतो, असे कारखान्यात सर्रास घडणार. बोर्डाला वीज नसताना त्याच्या पिनांवर बाहेरून व्होल्टेज येता कामा नये, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये बजावून सांगितले आहे. त्यासाठी २४५ आणि लॅच यांना बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवरून, पी९ च्या ३ आणि ४ क्रमांकाच्या पिनांवरून, वीज दिली. एलव्हीसी जातीच्या चिपा बंद असताना त्यांच्या पिनांतून उलटा प्रवाह शिरत नाही, त्यामुळे बोर्ड बंद झाला की त्या आपोआप भिंतीसारख्या उभ्या राहतात.

पण चिप सिलेक्टचे काय? बोर्ड बंद असताना ती रेषा अधांतरी राहिली किंवा शून्यावर गेली, तर रॅमच्या दृष्टीने उजवी बाजू कुठल्या तरी पत्त्यावर ठाण मांडून बसली असे होईल, आणि वर सांगितलेला लवाद त्या पत्त्यावरचे ८०८५ चे प्रत्येक लेखन अडवेल. म्हणजे बंद पडलेला बीगलबोन चालू यंत्राला बिघडवेल. यावर मी ७४एलव्हीसी१जी०७ हा ओपन-ड्रेन बफर घातला आणि त्याच्या आउटपुटला यंत्राच्या पाच व्होल्टकडे १ किलोओहमचा पुल-अप दिला. बोर्डाला वीज नसली, तो बूट होत असला किंवा कुणी केबल उपटली, तरी रॅमची चिप सिलेक्ट वरच राहते. बफरच्या अलीकडेही, बीगलबोनच्या पिनजवळ, १० किलोओहमचा एक पुल-अप आहे, कारण बूट होताना त्या पिनचे काय चालले आहे यावर मला विसंबायचे नव्हते. या संपूर्ण कार्डावरचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता असे कुणी विचारले तर मी हा पाच पायांचा बफर दाखवीन.

आता वेळापत्रक. जीपीएमसीचे घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचे आहे, म्हणून सगळ्या वेळा १० नॅनोसेकंदांच्या टिकांत मोजायच्या. शून्याव्या टिकला चिप सिलेक्ट आणि एडीव्ही दोन्ही खाली जातात आणि पत्ता बसवर येतो. दुसऱ्या टिकला एडीव्ही वर येतो, लॅच पत्ता धरतो. ओई चौथ्या टिकला खाली जाते. मधल्या दोन टिका लॅचला पत्ता नीट पकडता यावा आणि एडी रेषा मोकळ्या होऊन दिशा बदलावी यासाठी आहेत. रॅमच्या ५५ नॅनोसेकंदांत लॅच, बफर आणि २४५ यांचा उशीर मिळवला तर नवव्या टिकपर्यंत डेटा यायला हवा. मी तो अकराव्या टिकला उचलतो. बाराव्या टिकला ओई आणि चिप सिलेक्ट वर आणि तेराव्याला सायकल समाप्त. त्यापुढे आणखी दोन टिका बस शांत ठेवायला सांगितल्या आहेत, कारण २४५ ने रेषा सोडण्याआधीच जीपीएमसीने पुढचा पत्ता बसवर ठेवला तर दोघे एकमेकांविरुद्ध जोर लावतात. ही शेवटची नोंद बऱ्याच जणांच्या वेळापत्रकात नसते, आणि मग एकेक वाचन बरोबर येते पण सलग वाचनात मधूनच एखादा बिट उलटतो.

लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये, या सगळ्या वेळा नॅनोसेकंदांत लिहायच्या असतात. टिकांत रूपांतर कर्नल करतो. पिनांची निवड मात्र वेगळी द्यावी लागते. जीपीएमसीच्या पिनांना मोड ० लागतो, आणि एडी रेषांवर इनपुट रिसीव्हर चालू असल्याची नोंद हवीच. ती नसेल तर स्कोपवर बस अगदी निर्दोष दिसते, रॅम डेटा देत असते, आणि प्रोग्रामला मात्र भलतेच काही वाचायला मिळते. कर्नलने जीपीएमसीचे घड्याळ चालू केलेले नसताना त्याची रजिस्टरे वाचायला गेलात तर प्रोग्राम बस एररने मरतो. तो सर्किटचा दोष नव्हे.

स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेतो, म्हणजे दर ४२ नॅनोसेकंदांनी एक. २० नॅनोसेकंदांचा एडीव्ही त्याला दिसण्याची खात्री नाही. तरीही त्याच्यावर काम होते, कारण जीपीएमसीमध्ये एका बिटने सगळ्या टिका दुप्पट लांब करता येतात. कार्ड यंत्राला लावण्याआधी टेबलावर सुटा ७१३० घेऊन मी एडीव्ही २०० नॅनोसेकंदांचा केला आणि बाकीच्या वेळा कंट्रोलरच्या मर्यादेत जमतील तेवढ्या सैल केल्या. सिग्नलांचा क्रम त्या अ‍ॅनालायझरवर स्पष्ट पाहता आला. क्रम बरोबर आहे याची खात्री झाली की मग वेळा आवळायच्या, आणि शेवटची तपासणी कुणाचा तरी चांगला ऑसिलोस्कोप तासभर मागून करायची.

प्रोग्रामच्या बाजूला दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली पत्त्यांची. मी जीपीएमसीला सोळा बिटांचे साधन जोडले आहे असेच सांगितले आणि वरचे आठ बिट सोडून दिले. त्यामुळे रॅमचा प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या नकाशावर दोन बाइटांची जागा घेतो : रॅममधला पाचवा पत्ता हवा असेल तर आधारापासून दहावा बाइट वाचायचा. हा नकाशा मेमरीत उघडताना कॅशे (आधी वाचलेला आकडाच परत देणारी मधली मेमरी) लागू नये याची काळजी घ्यावी आणि पॉइंटर सोळा बिटांचा, व्होलाटाइल (दर वेळी खरोखर वाचायला लावणारा) असावा. बत्तीस बिटांचा पॉइंटर वापरला तर जीपीएमसी निमूटपणे दोन सायकली करतो, आणि तयार मेमकॉपी फंक्शन तर आपल्या सोयीने कितीही रुंद वाचन करते. साध्या रॅमला त्याचे काही नाही. दुसरी गोष्ट पाहिली की इथे ते का चालत नाही हे कळेल.

७१३० चे शेवटचे दोन पत्ते, १०२२ आणि १०२३, हे साधे नसून टपालपेटीसारखे आहेत. डाव्या बाजूने १०२३ वर काहीही लिहिले की उजव्या बाजूची इंटरप्ट रेषा खाली जाते, आणि उजव्या बाजूने १०२३ वाचले की ती पुन्हा वर येते. १०२२ हाच प्रकार उलट दिशेने करतो. ८०८५ चा प्रोग्राम सगळ्या थर्मोकपलांचे आकडे लिहून झाले की शेवटी १०२३ वर लिहितो, हे अ‍ॅनालायझरवर पाहून ठरवता आले. प्रत्येक तापमान दोन बाइटांचे असल्यामुळे ही खूण फार उपयोगाची आहे. ती न पाहता वाटेल तेव्हा वाचले तर जुन्या तापमानाचा खालचा बाइट आणि नव्याचा वरचा बाइट एकत्र येऊन ६३ अंशांचे एकदम ८९ होऊ शकतात. लवाद एका बाइटापुरता असतो, दोन बाइटांच्या आकड्याचे रक्षण तो करत नाही.

पण ही खूण वाचण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. शून्यापासून १०२३ पर्यंत सरळ नक्कल केली तर १०२३ सर्वांत शेवटी वाचला जातो. आपण नक्कल करत असतानाच ८०८५ ने आकड्यांचा नवा संच लिहून नवी खूण टाकली, तर आपले ते शेवटचे वाचन नवी खूण पुसून टाकते आणि नवा संच आल्याचे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून इंटरप्ट आला की आधी १०२३ वाचायचा, मग बाकीचे आकडे उचलायचे. मध्येच नवी खूण आली तर रेषा पुन्हा खाली जाऊन तशीच राहते; ती पाहून हातातली नक्कल टाकून द्यायची आणि पुन्हा वाचायचे. रुंद वाचन टाळण्याचे कारण हेच. १०२२ वाचायला गेलेला बत्तीस बिटांचा पॉइंटर न सांगता १०२३ ही वाचून टाकतो.

बिझी रेषा मी पी९ च्या ११ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे जीपीएमसीच्या वेट इनपुटवर, नेली आहे. ८०८५ आधी पोचला असेल तर आपली सायकल तो निघेपर्यंत थांबते. ही सोय वापरायची तर जीपीएमसीचे वेळमर्यादेचे रजिस्टरही चालू ठेवावे. एरवी यंत्राच्या बाजूचा प्रोसेसर एखाद्या पत्त्यावर अडकला तर त्याच्यासोबत बीगलबोनही अडकून राहील.

वेगाविषयी थोडेच. एका बाइटाला बसवर सुमारे १५० नॅनोसेकंद लागतात, तेव्हा संपूर्ण रॅम वाचायला निदान १५० मायक्रोसेकंद हवेत. कॅशेशिवाय एकेक वाचन करणारा प्रोसेसर प्रत्यक्षात याहून हळू चालतो. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारे हार्डवेअर) वापरून यात सुधारणा होईल, पण तेल जिथे तासाला काही अंशांनी तापते तिथे त्याचा उपयोग नाही.

सध्याच्या जोडणीत आर/डब्ल्यू रेषा मी बीगलबोनपर्यंत नेलेलीच नाही. ती यंत्राच्या बाजूला पाच व्होल्टला बांधली आहे, आणि २४५ ची दिशाही यंत्राकडून बोर्डाकडे अशी पक्की केली आहे. माझ्या प्रोग्रामने काहीही केले तरी त्या रॅममध्ये एक बिटही बदलू शकत नाही. भाऊंना आता तापमानाची मर्यादा कॉम्प्युटरवरून ठरवता यावी असे वाटते, आणि जुने कार्ड ते काम करत असे. त्यासाठी आर/डब्ल्यू ला चिप सिलेक्टसारखाच ओपन-ड्रेन बफर लागेल, तो बोर्डाच्या रिसेट रेषेने रोखून धरावा लागेल, आणि २४५ ची दिशा ओई वरून बदलावी लागेल. त्याआधी ८०८५ कार्डावरच्या ईप्रॉममधला प्रोग्राम काढून वाचायला हवा, कारण जुने कार्ड मर्यादा कोणत्या पत्त्यावर लिहीत होते आणि १०२२ चा वापर पोच देण्यासाठी होता की नाही, हे त्यातच सापडेल. ईप्रॉमच्या खिडकीवरची चिकटपट्टी (खिडकीतून प्रकाश शिरून आतला प्रोग्राम पुसला जाऊ नये म्हणून लावलेली) जुनी होऊन सुटायला आली आहे. वाचनाचे काम करण्याआधी तिच्यावर नवी लावून घेतली आहे.